दुसऱ्या फेरीचा इतिहास : एचआयव्हीची चाचणी खेड्यापर्यंत कशी पोहोचली

१/
एचआयव्हीची चाचणी एखाद्या दुर्गम गावात एकदा नेण्यासाठी गाडी, चालक, तंत्रज्ञ आणि शीतपेटी एवढी सामग्री पुरते. तीच गाडी त्याच गावात ठरल्या दिवशी पुन्हा नेणे मात्र भारतीय सार्वजनिक आरोग्याला शिकायला अनेक दशके लागली. हा धागा त्या दुसऱ्या फेरीचा आहे. त्याची सुरुवात पांढरकवड्यापासून.

२/
नागपूरहून हैदराबादकडे निघालेला ट्रक हिंगणघाट मागे टाकून यवतमाळ जिल्ह्यात शिरतो, तेव्हा वाटेत पांढरकवडा लागते. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. पुढे पिंपळखुटीचा सीमा तपासणी नाका, मग पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. पूर्वी ‘राष्ट्रीय महामार्ग ७’ आणि आता ‘४४’ म्हणून ओळखला जाणारा हा देशातील सर्वांत लांब महामार्ग. कापूस, सिमेंट, धान्य आणि माणसे यांची वाहतूक त्यावरून अहोरात्र सुरू असते.

३/
महामार्ग सोडून आत वळले की दुसरा प्रदेश सुरू होतो. गोंड, परधान आणि कोलाम यांची गावे. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची नोंद विशेषत्वाने असुरक्षित आदिम जमाती म्हणून झाली आहे. पावसाळ्यात इथली काळी माती चिकट होते, नाले भरतात आणि नकाशावर आठ किलोमीटर दिसणारे अंतर दिवसभराचे होऊन बसते.

४/
अशा पोडावरच्या मजुराला रक्ततपासणीसाठी तालुक्याला यायचे असेल, तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि जाण्यायेण्याचे भाडे लागते. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमालकाला गैरहजेरीचे कारण सांगावे लागते. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ, तेही सुमारे ७० किलोमीटर दूर. औषध दरमहा घ्यावयाचे असेल तर हा खर्च वर्षातून बारा वेळा, आणि कारणही बारा वेळा सांगायचे. दवाखान्यानेच गावाकडे जावे, हा विचार या हिशेबातून येतो.

५/
हा विचार एचआयव्हीपेक्षा जुना आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रयोगस्थळ पांढरकवड्याच्या शेजारीच, वर्धा नदीपलीकडे आहे. १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीच्या साहाय्याने वर्ध्यात ‘गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन’ स्थापन झाले. डॉ. आर. व्ही. वारदेकर हे तिचे प्रमुख शिल्पकार. तोवर कुष्ठरोगाचा विचार प्रामुख्याने आश्रम आणि वसाहतींच्या भाषेत होत असे : रुग्णाने घर सोडावे, संस्थेत यावे आणि बहुधा तिथेच आयुष्य काढावे.

६/
वारदेकरांनी हा क्रम उलटा केला. प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरोघर जाऊन सर्वेक्षण करायचे, कुटुंबाला व गावाला रोगाची माहिती द्यायची आणि डॅप्सोनच्या गोळ्या गावातच पुरवायच्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार ही ती त्रिसूत्री, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेट’ पद्धत. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच दिशा स्वीकारली. रुग्णाला घरातून न हलवता उपचार करता येतात, हे विदर्भाच्या खेड्यांत सिद्ध होत होते.

७/
त्याच दशकात मद्रासमध्ये क्षयरोगाबाबत असाच प्रश्न तपासला गेला. तेथील संशोधन केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधे दिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी वैद्यकविश्वाला चकित केले : घरी घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांच्या तोडीचे ठरले. मात्र गोळ्या नियमित पोहोचल्या पाहिजेत आणि त्या घेतल्या गेल्या पाहिजेत, ही अट होती.

८/
ही अट किती कठोर आहे, ते कुष्ठरोगानेच दाखवले. एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षे विसंबल्यामुळे आणि उपचारांत खंड पडल्यामुळे जंतूंनी त्या औषधाला दाद देणे सोडले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि तो प्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. एकच औषध पुरत नाही आणि खंड पडू देता येत नाही, हे दोन्ही धडे एचआयव्ही येण्याआधीच विदर्भात शिकून झाले होते.

९/
भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मधली, तीही मद्रासची. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे, एका मराठी कुटुंबातल्या) यांनी आपली विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना हा विषय दिला. हा आजार भारतात नसणारच, असे तेव्हा अनेकांचे मत होते. निर्मलांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. शहरात चाचणीची सोय नव्हती, म्हणून नमुने शीतपेटीत ठेवून रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरला नेले. त्यांतील सहा नमुने बाधित निघाले.

१०/
म्हणजे देशातली पहिली चाचणीही प्रवास करूनच झाली. पण त्या प्रवासात एक गोष्ट राहून गेली होती. त्या स्त्रिया शासकीय सुधारगृहात होत्या आणि हे रक्त एड्सच्या तपासणीसाठी घेतले जात आहे, हे त्यांना सांगितलेले नव्हते. नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी चालली आहे, असे त्यांना वाटले. निर्मलांचे धाडस आणि सोलोमन यांची दूरदृष्टी निर्विवाद आहे. तरीही ‘माझे रक्त कशासाठी घेतले?’ हा प्रश्न या इतिहासाच्या पहिल्या पानापासून उभा आहे.

११/
तीन वर्षांनी गोव्यात याच प्रश्नाने उग्र रूप धारण केले. डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते. त्यांनी दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात ६४ दिवस एकटे ठेवले. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा विलगीकरणाची तरतूद होती. त्यांची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. डॉमिनिक सुटले, विलगीकरणाची तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरवली.

१२/
डॉमिनिक यांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रकरणातून समाजाने घेतलेला धडा साधा होता : चाचणी केली की नाव फुटते, आणि नाव फुटले की माणूस उचलला जातो. ज्या देशात रक्तदात्याची ही गत झाली, तिथे पोडावरची बाई स्वतः होऊन बोट पुढे करील, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

१३/
गुप्ततेला कायद्याचे बळ मुंबईतल्या एका खटल्याने दिले. सार्वजनिक क्षेत्रातील एका कामगाराला एचआयव्ही असल्याच्या कारणावरून काम नाकारण्यात आले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही. कामगाराला खरे नाव झाकून खटला लढवण्याची मुभाही न्यायालयाने दिली. म्हणून हा निवाडा आजही ‘एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय.’ याच नावाने ओळखला जातो.

१४/
दरम्यान १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ ची. दशकाच्या उत्तरार्धात ऐच्छिक समुपदेशन व चाचणी केंद्रे सुरू होऊ लागली. चाचणीपूर्वी बोलणे, संमती घेणे आणि निकाल त्या व्यक्तीलाच एकांतात सांगणे, असा क्रम ठरला. मद्रासमध्ये जे राहून गेले होते, ते आता नियमात आले.

१५/
पण समुपदेशकाच्या हाती द्यायला औषध नव्हते. १९९६ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार परिणामकारक ठरला आणि श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्याने घटले. त्याचा वार्षिक खर्च मात्र माणशी १० हजार डॉलरहून अधिक होता. त्या वर्षांत खेड्यात चाचणी नेणे म्हणजे निदान देऊन निघून जाणे. माणसाच्या कपाळी शिक्का बसायचा आणि गाडी पुढच्या गावाला जायची. दुसऱ्या फेरीत न्यायचे काय, याचेच उत्तर नव्हते.

१६/
उत्तराचा मोठा भाग मुंबईतून आला. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सिप्ला’चे युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केला. आफ्रिकेतील उपचारांचे चित्र त्यानंतर पालटू लागले. विरोधाभास असा की, ज्या देशात ही औषधे बनत होती, तिथल्या शासकीय रुग्णालयांत ती मोफत मिळायला आणखी तीन वर्षे लागली.

१७/
१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक उपचार, सुरू केले. अधिक प्रादुर्भावाची सहा राज्ये आणि दिल्ली यांपासून प्रारंभ झाला. महाराष्ट्र त्या सहांत होता आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. पांढरकवड्याच्या माणसासाठी मुंबई म्हणजे राज्याचे दुसरे टोक. पुढे केंद्रे जिल्ह्यांत आली आणि त्यानंतर तालुक्यांच्या जवळ ‘लिंक एआरटी’ केंद्रे उघडली गेली. तेथे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला दरमहा गोळ्या घेता येऊ लागल्या.

१८/
याच काळात यवतमाळ जिल्हा अभ्यासकांच्या नकाशावर आला. ‘आवाहन’ या उपक्रमाशी निगडित व्यापक सर्वेक्षणासाठी महाराष्ट्रातील जे मोजके जिल्हे निवडले गेले, त्यांत मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, परभणी यांच्या जोडीला यवतमाळ होता. महामार्ग, ट्रकचालक आणि देहविक्रय यांवर साऱ्यांचे लक्ष केंद्रित झाले. ते आवश्यकच होते. पण त्याची एक किंमत होती : आजार ‘रस्त्याचा’ ठरला आणि घरात राहणारी, नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध नसलेली स्त्री हिशेबाबाहेर राहिली. गर्भवतींच्या तपासण्यांतून तिचे अस्तित्व पुढे येऊ लागले.

१९/
२००७ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू झाला आणि फिरत्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांना (‘मोबाइल आयसीटीसी’) त्यात निश्चित स्थान मिळाले. या गाडीत तपासणी व समुपदेशनासाठी आडोसा, रक्त घेण्याची व तपासण्याची जागा आणि समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारिका वा आरोग्यशिक्षक असे पथक अपेक्षित होते. गावात तात्पुरते केंद्र मांडायचे आणि वेळ गावाच्या सोयीची ठेवायची. जिथे माणसे सकाळी शेतावर जातात, तिथे अकरा वाजता आलेल्या गाडीला म्हातारी माणसे आणि मुलेच भेटणार.

२०/
त्याच वर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, दिल्लीहून ‘रेड रिबन एक्स्प्रेस’ निघाली. देशभर फिरणारी ही जनजागृतीची रेल्वे स्थानकांवर थांबे आणि कलापथके व कार्यकर्ते तेथून आसपासच्या गावांत जात. लाखो लोकांनी ती पाहिली. परंतु रेल्वे रुळापाशी थांबते आणि पुढच्या स्थानकाकडे निघून जाते. पांढरकवडा हे रस्त्यावरचे गाव. इथे लागणारे काम उत्सवाच्या गाडीचे नव्हते. महिन्याच्या ठरल्या तारखेला येणाऱ्या, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या गाडीचे होते.

२१/
पुन्हा येणे का अटळ आहे, याचे एक कारण शास्त्रीय आहे. संसर्गानंतर काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, प्रतिद्रव्यांची चाचणी नकारात्मक येऊ शकते. अलीकडेच धोका पत्करलेल्या व्यक्तीला ‘काही नाही’ असे सांगून गाडी कायमची निघून गेली, तर तो दिलासा खोटा ठरू शकतो. दुसरीकडे, पहिली चाचणी सकारात्मक आली म्हणजे निदान झाले असेही नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्यांनंतरच ते पक्के होते. दोन्ही बाजूंनी त्या व्यक्तीला पुन्हा भेटावेच लागते.

२२/
दुसरे कारण सामाजिक आहे. शहरातल्या रुग्णालयाच्या गर्दीत माणूस हरवून जातो. गावातल्या पारावर उभ्या असलेल्या गाडीत कोण चढले, हे सर्वांना दिसते. आत किती वेळ बसले, हेही मोजले जाते. कुष्ठरोगाच्या काळात कार्यकर्त्याची सायकल कोणाच्या दारी थांबते, याकडे असेच लक्ष असे. चट्टे निदान अंगावर दिसत. एचआयव्ही दिसत नाही. त्यामुळे गाडीने गावात आणलेली सोय हीच त्या माणसाची जाहिरात होऊ शकत होती.

२३/
यावरचा उपाय उपकरणांत नव्हता, मांडणीत होता. एचआयव्हीची चाचणी इतर तपासण्यांत मिसळायची : रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, गर्भवतीची नियमित तपासणी, क्षयाची लक्षणे. मग गाडीत प्रत्येकजण चढतो आणि चढण्याला काही अर्थ उरत नाही. नोंदीत नावाऐवजी क्रमांक वापरायचा. पुढे बोटातून थेंबभर रक्त घेऊन करावयाची प्राथमिक चाचणी परिचारिकेच्या हाती आली, तेव्हा गावाच्या नेहमीच्या लसीकरणाच्या दिवशीही ती करता येऊ लागली. स्वतंत्र गाडीची गरज जिथे नाहीशी झाली, तिथे गुप्तता अधिक सुरक्षित झाली.

२४/
भाषेचा प्रश्नही याच मांडणीतला. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा. सीमेजवळच्या गावांत तेलुगूही बोलली जाते. ‘संमती आहे का?’ हे मराठीत विचारले आणि समोरच्या बाईने मान हलवली, म्हणजे संमती मिळाली का? तिसऱ्या टप्प्यातील ‘लिंक वर्कर’ योजनेचे मर्म इथे आहे. गावपरिसरातलाच तरुण वा तरुणी, मानधनावर नेमलेली, माहिती देणारी आणि केंद्रापर्यंत सोबत करणारी. गाडी निघून गेल्यावर गावात उरणारे माणूस तेच.

२५/
गर्भवतींच्या बाबतीत दुसऱ्या फेरीचे मोल सर्वांत ठळक दिसते. सुरुवातीच्या काळात प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मानंतर बाळाला नेव्हिरापिनची एकेक मात्रा दिली जाई. बाळाचा धोका घटे, आईचा आजार तसाच राही. जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आयुष्यभराचे उपचार सुरू करण्याचे धोरण आले. तोवर बाळाच्या निदानाचीही सोय झाली होती : २०१० पासून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतील रक्ताचा थेंब कागदावर वाळवून प्रयोगशाळेकडे पाठवता येऊ लागला. अंतिम खात्री मात्र अठरा महिन्यांनी. म्हणजे एका मातेकडे किमान दीड-दोन वर्षे सतत जात राहणे आले.

२६/
घरपोच उपचार दवाखान्याइतके सुरक्षित असतात का, ही शंका जगभर होती. युगांडातील जिंजा येथे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षेत्रकार्यकर्ते मोटारसायकलवरून दरमहा घरोघर औषधे पोहोचवत. दुसऱ्या गटातील रुग्ण दवाखान्यात येत. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील परिणाम जवळपास सारखे होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मद्रासच्या निष्कर्षांचा हा आफ्रिकेतील प्रतिध्वनी. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरले ते न चुकता येणारे माणूस.

२७/
२०११ मध्ये आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला. अनेक देशांत चाललेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात दिसले की, लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. गोळी आता घेणाऱ्याचे आणि त्याच्या जोडीदाराचे, अशा दोघांचे रक्षण करणारी ठरली. पूर्वी सीडी४ पेशी विशिष्ट मर्यादेखाली गेल्यावरच उपचार मिळत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर नेण्यात आली आणि २०१७ मध्ये भारताने ‘निदान होताच उपचार’ हे धोरण स्वीकारले.

२८/
त्याच वर्षी संसदेने एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा संमत केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी नाही, व्यक्तीची स्थिती उघड करण्यावर बंधन, आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभावास मनाई. सुधारगृहातील स्त्रिया, म्हापशाच्या खोलीत एकटे ठेवलेले डॉमिनिक आणि नाव झाकून लढलेला मुंबईचा कामगार या तिघांच्या अनुभवांचे पडसाद या कलमांत ऐकू येतात.

२९/
तरीही कायदा आणि खेडे यांत अंतर उरतेच. एसटी महामंडळाने एचआयव्हीसह जगणाऱ्यांना प्रवाससवलत दिली. दरमहा औषधासाठी जाणाऱ्या गरीब माणसाला तिचा मोठा आधार आहे. पण सवलत घ्यायची म्हणजे कंडक्टरला ओळखपत्र दाखवायचे, आणि बसमध्ये शेजारच्या गावचा कोणी बसलेला असू शकतो. एखाद्याला तिकिटाचे पैसे जड नसतात, ते ओळखपत्र जड असते. औषध गावाजवळ आणण्याचे कारण इथे पुन्हा समोर येते.

३०/
मार्च २०२० च्या टाळेबंदीत हा सारा अनुभव पणाला लागला. बस बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद, आणि गोळ्यांत खंड पडू देणे अशक्य. ‘नॅको’ने एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे देण्याच्या आणि ती रुग्णाच्या जवळ पोहोचवण्याच्या सूचना दिल्या. अनेक ठिकाणी क्षेत्रकार्यकर्त्यांनी आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटांनी औषधे घरपोच नेली. वारदेकरांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जे केले होते, त्याची ही सुधारित आवृत्तीच म्हणावी लागेल.

३१/
२०२१ च्या शासकीय अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतील चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. नव्या संसर्गांचे प्रमाण घटले आहे आणि ते या दीर्घ कामाचे यश आहे. पण घटत्या आकड्यांबरोबर निधी आणि लक्ष यांनाही ओहोटी लागते. पहिल्या फेरीचे छायाचित्र काढले जाते, उद्घाटन होते, आकडा नोंदला जातो. बाविसाव्या फेरीला कोणी फीत कापत नाही.

३२/
म्हणून या कामाचे मूल्यमापन करताना ‘किती चाचण्या झाल्या’ हा अर्धाच प्रश्न आहे. निदान झालेल्यांपैकी किती जण वर्षानंतरही उपचारांत आहेत आणि किती जणांच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका उतरला आहे, हे पुढचे प्रश्न. त्यांची उत्तरे गाडीच्या किलोमीटरमापकावर मिळत नाहीत. ती औषधांच्या नोंदवहीत, ‘पुढील भेटीची तारीख’ या रकान्यात असतात.

३३/
पांढरकवड्याच्या महामार्गावरून ट्रक आजही अखंड जात असतात. आतल्या पोडाकडे जाणारा रस्ता पावसात तसाच चिखलाचा. तिथल्या एखाद्या घरात फळीवर, डब्याच्या मागे गोळ्यांची बाटली ठेवलेली असेल आणि तीत महिनाअखेरपर्यंतच्या मोजक्या गोळ्या असतील. त्या संपण्याच्या आत कोणीतरी तिथवर पोहोचते की नाही, यावर एका माणसाचे आयुष्य अवलंबून आहे.

(धागा समाप्त)